डावी पाकळी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. ज्या देवीपुढं रोज सकाळी बसते तिलाही तोंडानं कधी बोलले नाही — तिला वेगळं काय सांगायचं, तिच्या अंगावरच तर केलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. निदान नसाल, असं धरून चालते. असलात तरी आता काय करणार?

आणि तुम्ही लगेच माझ्यावर विश्वास ठेवावा असंही नाही. मी तरी कुठं कुणावर ठेवते? मी आहेच संशयी. आमच्या घराच्या वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्या आहेत, हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी पोरं-पोरी राहतात. कुणाच्या दाराबाहेर किती चपला आहेत हे मी जिना चढता चढता बघून घेते. दूधवाल्यानं दूध घातलं की आधी बोट बुडवते. नवरा फोनवर हळू बोलायला लागला की माझा झाडू नेमका त्याच खोलीत जातो. घरात सगळे हसतात, आईला पोलिसात भरती करा म्हणतात. मीही हसते. संशयानं आपलं कधी काही वाकडं झालं नाही, असं मी वर सांगते. आपलं नाही झालं, हे खरंच आहे.

देवळाचं सांगते आधी. कासारसाईकडं जाताना उंच इमारती संपतात तिथं, मोठ्या जाहिरातफलकाच्या मागं, आमच्या वाघजाईचं देऊळ आहे. चार माणसं आत उभी राहिली की पाचव्यानं बाहेर थांबायचं, एवढंच. दगडी, जुनं, कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नाही. जमिनी विकल्या तेव्हा एकानं पुढं पत्रा घातला, दुसऱ्यानं भिंतीला न्हाणीघरातल्यासारख्या गुळगुळीत फरश्या बसवल्या. इमारतीत नवीन राहायला आलेल्या एका बाईंना ते पाण्याच्या पंपाची खोली वाटलं होतं. त्यांना हसायचं कशाला? आत मूर्ती म्हणावी तर मूर्तीही नाही — नुसता उभा तांदळा, दगडाचा, शेंदरानं माखलेला. नाक नाही, तोंड नाही. होते ते फक्त चांदीचे डोळे. दोन डोळे आणि मध्ये बारीक पट्टी, असे एकत्र घडवलेले, मेणानं चिकटवलेले.

पण त्या डोळ्यांना विचारल्याशिवाय गावात काही होत नसे. बोअर कुठं घ्यायची, सोयरीक जमवायची की नाही, जमिनीला आलेलं गिऱ्हाईक खरं की दलाल — आधी कौल. पद्धत साधी आहे. दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक आईच्या उजव्या अंगाला चिकटवायची, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. शिकलेली माणसंसुद्धा गुपचूप येऊन लावून जातात. डावी पडली म्हणून ठरलेला टेम्पो परत पाठवणारे मी बघितलेत.

पूजा आमच्या दोन घरांकडं. एक आठवडा आमचा, एक आठवडा थोरल्या दिरांचा. म्हणजे काम बायकांचंच — सोमवारी सकाळी जावेनं किल्ली द्यायची, मी घ्यायची. जाऊबाईंना मी आक्का म्हणते. आक्कांचा आणि देवीचा घरोबा होता. त्या स्तोत्र वगैरे म्हणत नसत, नुसत्या बोलायच्या. ‘आये, आज उशीर झाला बग, गॅसच संपला.’ ‘आये, ह्या साली आंबेमोहराला वासच न्हाई गं.’ शेंदूर लावायच्या तो बोटाच्या टोकानं, जेमतेम ओलसर. माझा हात दांडगा. मला वाटायचं, आईचं अंग कसं लालभडक, ताजं दिसलं पाहिजे, म्हणून मी तळहातानं थापायची. आणि आक्का देवीशी बोलायला लागल्या की मनात यायचं — एवढी काय सलगी? आत काय चाललंय नक्की?

बघा, मी मुद्द्यावर यायचं टाळते आहे. कळतंय मला.

लेक तेव्हा शाळेत होती. चैत्र होता, पत्र्याखाली नुसता भट्टीचा उबारा. सोमवारी आक्कांनी किल्ली दिली. मी दिवा लावला, शेंदूर थापला, घरी आले. संध्याकाळी पुन्हा गेले तर आईला डोळे नव्हते.

सकाळी होते का? — हाच प्रश्न. मला आठवेना. आजही आठवत नाही. घाईत होते, घरी वर पाण्याची टाकी भरून वाहत होती, मी आईच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. पूजा करणाऱ्या बाईनं देवीकडं बघितलं नाही, हे गावाला कसं सांगायचं? डोळे आक्कांच्या आठवड्यात गेले की माझ्या, याचा साक्षीदार कुणीच नव्हता. दोन घरं, एक किल्ली. आक्का नाहीतर मी.

मी फरशी पुसली, उदबत्त्यांचं खोकं झटकलं, बाहेरचं गवतसुद्धा चाचपलं. आणि मग मला आठवले आक्कांचे पाय. किल्ली द्यायला आल्या तेव्हा बोटांत नवी कोरी जोडवी होती. चांदीची, जाडजूड. आक्कांच्या घरी चांदी कुठून येणार? थोरल्या दिरांचा हात तेव्हा तंगीत होता. एवढं पुरलं मला. झालं — डोळे वितळले आणि जोडवी झाली, हे माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं, की जणू मी सोनाराच्या शेजारी बसून बघितलं होतं.

गावात कुजबुज सुरू झाली. मी कुणाला उघड काही बोलले नाही. मी तशी नाही — मी नुसतं म्हणायची, ‘आक्कांची जोडवी छान हायेत न्हाई?’ आणि गप्प बसायची. ऐकणारी बाई दोन क्षण विचार करायची आणि तिचा चेहरा बदलायचा. पण तीच बाई मागं वळून माझ्याकडंही तशीच बघायची. ते मला सहन होईना. संध्याकाळी डोळे नाहीत असं ओरडणारी मीच, किल्ली माझ्याकडंच, मग माझ्यावर का नको संशय? मी कुणाची जोडवी मोजते तशी माझी तांब्या-भांडीही कुणीतरी मोजत असणार. दळणाच्या गिरणीत मी गेले की बोलणं थांबायला लागलं. की तसं मला वाटायला लागलं?

शेवटी गावच्या म्हाताऱ्या मंडळींनी ठरवलं, आईलाच विचारू. अमावास्येच्या दुपारी आक्कांना आईसमोर बसवायचं आणि कौल लावायचा. निर्दोष असेल तर उजवी पडेल. आक्का लगेच तयार झाल्या. ‘लावा की. मला कशाचं भ्या? आई हाय की हितं.’ त्यांचं ते निर्धास्त बोलणं ऐकून मला धीर यायला हवा होता. मला उलटं वाटलं. चोरी करून एवढी निर्धास्त? ही बाई देवीलाही गुंडाळणार.

आणि उजवी पडली तर? आक्का सुटल्या तर उरलं कोण?

आठवडा माझा होता. म्हणजे आईला शेंदूर लावणारी मी, पाकळ्या चिकटवणारीही मीच. इतकी वर्षं ते काम केलेल्या बाईला एक गोष्ट ठाऊक असते, ती कुणी कुणाला सांगत नाही, पण हाताला ठाऊक असते. वाळलेल्या शेंदरावर ओली पाकळी घट्ट बसते. ताज्या, तेलकट शेंदरावर ती टिकत नाही.

त्या सकाळी मी लवकर गेले. उजव्या अंगाला हात लावला नाही. डाव्या अंगाला शेंदरात दुप्पट तेल कालवून जाड लेप दिला, तळहातानं, खालपर्यंत. वरून कोरडा शेंदूर भुरभुरवला, चकाकू नये म्हणून. हे सगळं करताना मी काय म्हणत होते माहीत आहे? ‘आई, तुला सगळं ठाऊकच आहे, मी फक्त लोकांना दिसेल असं करते.’ मला खात्री होती हो. खात्री होती म्हणजे खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पण खात्री होती तर तेल कशाला लागलं?

घरी आले तर हे म्हणाले, ‘तेलाची बाटली कुठं नेलीस गं?’ मी म्हणाले, दिव्याला.

दुपारी सगळा गाव पत्र्याखाली. आक्का आईसमोर मांडी घालून बसल्या, पदर डोक्यावर, हात जोडलेले. आमच्यातल्या एका म्हातारबांनी गाऱ्हाणं घातलं. मी पाकळ्या लावल्या. माझा हात कापला नाही. सगळ्यांना वाटलं असेल, केवढी श्रद्धा आहे.

डावी क्षणभर बसली. मग हळूच सरकली, आणि खाली आली.

मागून एका बाईनं ‘च्’ केलं. आक्का पाकळीकडं बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, शिव्या देतील, पुन्हा लावा म्हणतील. मीही तयार होते, पुन्हा लावली असती तरी तीच पडली असती. पण त्यांनी काय केलं — पाय पुढं घेतले आणि बोटांतली जोडवी ओढून काढली. सवाष्ण बाई, नवरा मागं उभा. जोडवी आईच्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, ‘आये, तुजं गेलं, माजं घे. पर माज्याकडं अशी पाट फिरवू नगं.’

लोकांनी याला कबुली धरलं. मी तर धरलंच. बघा म्हणाले ह्यांना, परत केलीच की नाही? हे माझ्याकडं बघत होते. माझ्या हाताकडं. तेव्हापासून आजवर मला कळलेलं नाही, त्यांना कळलं होतं की नाही. त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांच्या गप्प बसण्याकडं इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून बघते आहे.

पूजा एकट्या आमच्या घराकडं आली. सोनाराकडून आईला नवे डोळे करून आणले, त्यातच ती जोडवी आटवली. त्या वर्षाअखेर थोरल्या दिरांनी आपला हिस्सा विकला आणि दोघं पौडला राहायला गेली. जाताना आक्का देवळावरून गेल्या. आत आल्या नाहीत. रस्त्यावरूनच नमस्कार केला, चप्पल काढून.

पुढं एका लग्नात आक्कांचे भाऊ भेटले. बोलता बोलता म्हणाले, ‘ताईला मीच जोडवी केली हुती, भात चांगला झाला त्या सालाला. तीच आईला वाहिली म्हनं.’ मी मान हलवली आणि जेवायला बसले. श्रीखंड होतं. दोनदा घेतलं. असं का आठवतं माणसाला?

आता म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं. नाही बोलले. डोळे मग घेतले कुणी, हा नवा संशय मला पुरला. मी पत्रा घालणाऱ्यावर घेतला, फरशीवाल्यावर घेतला, हिंदी बोलणाऱ्या मजुरांवर घेतला. रोज सकाळी आक्कांच्या जोडव्यांच्या डोळ्यांपुढं बसून मी दुसऱ्यांवर संशय घ्यायची.

गेल्या वर्षी वरच्या खोलीत लातूरकडची एक मुलगी होती. गुणी पोर, रविवारी देवळात येऊन बसायची. एकदा कौल लावताना बघून सहज म्हणाली, ‘काकू, शेंदूर ओला असला तर पाकळी घसरत असेल ना?’ हिला कुणी सांगितलं? ह्यांनी? आक्कांनी पौडहून पाठवली का हिला? पुढच्या महिन्यात मी तिला खोली रिकामी करायला लावली. पाहुणे येणार आहेत म्हणाले. कुणी आलं नाही. खोली कितीतरी दिवस तशीच बंद होती.

आणि मग या नवरात्राच्या आधी आईनं कवच सोडलं.

वर्षानुवर्षं शेंदरावर शेंदूर चढतो, त्याचं जाड कवच होतं, आणि कधीतरी ते आपोआप दगडापासून सुटतं. आमच्याकडं तो मोठा योग मानतात. कवच कापडात बांधून, वाजतगाजत धरणाच्या पाण्यात सोडायचं. मी सकाळी दार उघडलं तर कवच तुकडे होऊन खाली पडलेलं, आणि आई काळीभोर, नितळ, नव्यानं न्हाल्यासारखी. मी तुकडे गोळा करायला बसले. डाव्या अंगाचा तुकडा सगळ्यात जड. उलटा केला. आतल्या बाजूला, थरांच्या मध्ये, चांदीची कड दिसत होती.

त्या चैत्राच्या उन्हात मेण पाघळलं होतं. जुने डोळे घसरून खाली बुडाशी, मऊ शेंदरात रुतले होते. आणि वरून कुणीतरी तळहातानं थापून बुजवून टाकले होते. आक्का तळहातानं कधी थापत नसत.

कितीतरी वेळ मी ते हातात धरून बसले. गिळून टाकावेत असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. मग बाहेर चपला वाजल्या, आणि मी — मी ओरडले. ‘आईनं डोळं परत दिलं! आईनंच घेतलं व्हतं, आईनंच दिलं!’

लोक धावत आले. नारळ फुटले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर फलक लागला, इमारतींतली माणसंही रांग लावून आली. कुणीतरी विचारलंच, मग तेव्हा डावी का पडली? मी म्हणाले, आईनं परीक्षा घेतली आक्कांची. सगळ्यांना पटलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझं पाप मी आईच्या अंगावर चोपडलं, दुसऱ्यांदा, आणि तिला हात असते तर तिनं पुसून तरी टाकलं असतं.

आक्का आल्या. एसटीनं, एकट्या. थकल्यात. देवळाच्या उंबऱ्याशी थांबल्या, मी हात धरून आत आणलं. गर्दी ओसरली होती. आईसमोर बसल्या, नव्यांच्या जागी बसवलेल्या जुन्या डोळ्यांकडं बघितलं. त्यांची पायाची बोटं मोकळीच होती. पुन्हा जोडवी घातलीच नव्हती त्यांनी.

मला वाटलं, आता विचारतील. आता संशय घेतील. घेतला असता तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, ‘सुमे, मी घरातल्या समद्या गोधड्या उसवून बघितल्या गं. तांदळाच्या कणगीत खांद्यापातुर हात घातला. आई खोटं बोलायची न्हाई, म्हंजी माज्याच हातनं काय तरी झालं आसंल आन मलाच उमगंना झालंय. पौडला गेल्यावर बी दर सणाला शोधायचे. हे म्हनायचे, येडी झाली का काय तू.’ मग पदरानं डोळे पुसले आणि हसल्या. ‘न्हवते घेतले गं मी. आता कळलं.’

इतकी वर्षं त्या आपल्याच घरात चोर शोधत होत्या. आपल्याच हातावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. ते मी केलं. लोकांनी त्यांना चोर म्हटलं त्याहून हे वाईट, आणि मला हे माहीतही नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी माझा हात हातात घेतला. तोच हात. ‘समदा गाव फिरला गं. पर तुला तरी माजा भरवसा व्हता न्हवं?’

मी ‘व्हय’ म्हणाले.

त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि देवीकडं वळून म्हणाल्या, ‘आये, धाकटीला सुखात ठिव बरं का.’

गावानं त्यांचा आठवडा त्यांना परत दिला आहे. सोमवारी पौडच्या पहिल्या एसटीनं येणार आहेत. किल्ली मी घासूनपुसून दाराशी अडकवली आहे, आणि शेंदूर कालवून ठेवला आहे — त्यांना लागतो तसा, कमी तेलाचा.